एक शब्दही इकडचा तिकडे नाही

५ जानेवारी, रविवार. सकाळ.

सोमेश्वरमामांचा पाय मोडला. न्हाणीत घसरले. अंबडला पलंगावर पडून आहेत, प्लास्टर मांडीपर्यंत. वाईट झालं. पण अक्षताच्या सोयरिकीच्या दृष्टीने पाहिलं तर वेळेवर झालं.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. अक्षता म्हणजे सर्जेरावदादांची मुलगी, माझी पुतणी. इथल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. मुलगा प्रेम, मूळ धावड्याचा, जालन्यात बियाणे कंपनीच्या लॅबला. पाहणं झालं, पसंती झाली. दोघं फोनवर बोलतात, ते मला माहीत नाही असं सगळे समजतात. आता राहिली फक्त मोठ्यांची बोलणी. मुद्दे दोन: लग्न कुठं, आणि लग्नानंतर अक्षताची नोकरी. मुलाच्या वडिलांनी, वसंतरावांनी, आधीच कळवलंय की फेब्रुवारीत ठरलं तर ठरलं, न्हाईतर ते दुसरीकडं बघतील. आणि मधला माणूस पलंगावर.

खाली जाऊन दादांना म्हणालो की मी आहे ना. दादा काही बोलले नाहीत. म्हणजे होकार. सौ. दीपमाला म्हणाली की अजून कोणी सापडतं का ते तर बघा. तिला माझी काळजी.

मामांची पद्धत मला कधीच पटली नाही. इकडून लिंबू दिलं की तिकडं साखर पोचवणार. आमच्याच लग्नात त्यांनी आमच्या बाबांना सांगितलं की सासरे म्हणाले, मुलगा फार हुशार. सासरे प्रत्यक्षात म्हणाले होते की बरं, बघू. हे मला लग्नानंतर कळलं. याला रिपोर्टिंग म्हणत नाहीत.

संकल्प: माझ्या मध्यस्थीत एक शब्दही इकडचा तिकडे होणार नाही. वीस वर्षं इंग्रजीचं डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवतोय. इथं जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या क्लासच्या जिन्यावरच्या पाटीवरच लिहिलंय, स्पेशालिस्ट म्हणून. कॉलेज नाही, मास्तर नाही, स्वतःच्या डोक्याने शिकलो. बारावीला इंग्रजीत बोर्डाने काय केलं ते बोर्डाला माहीत.

१२ जानेवारी, रविवार. धावड्याहून परत.

भोकरदनपर्यंत एसटी, पुढे जीप. वसंतरावांनी वावरात हुरडा भाजला होता. शेंगदाण्याची चटणी, दही. पाहुणचार चांगला. बाजेवर बसलो.

सुरुवातीला माझी कामाची पद्धत समजावून सांगितली. विधान कसं नेतात, प्रश्न कसा नेतात, आज्ञा कशी नेतात. उदाहरणं दिली. वसंतराव लक्ष देऊन ऐकत होते, फक्त कणसं चोळत होते. तीन कणसं झाली. मग बोलले. सगळं पाठ केलं. जीपमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणत आलो. शेजारची बाई सरकून बसली.

१३ जानेवारी, सोमवार

दादांना रिपोर्ट दिला. उभ्याने दिला. बसून दिला की सूर ढिला पडतो.

वसंतराव म्हणाले की लग्न गावच्या विहारात व्हावं, गावाला जेवू घालायची त्यांची लई दिवसाची इच्छा हाय. नोकरीचं म्हणाले की करू द्या, शिकलेली पोरगी घरी बसवून काय लोणचं घालायचंय. इथवर वहिनींचा चेहरा फुलला. अक्षता दाराआड होती, तिची बांगडी वाजली.

मग तिसरं वाक्य. म्हणाले की घर बिलकुल चांगलं हाय, पण त्या घरातला एक माणूस लई बोलतो, त्याला जरा आवरा.

वहिनी पंख्याकडे बघायला लागल्या. दीपमालाने पदर तोंडाला लावला. मला दादांचं वाईट वाटलं. तसे ते कमी बोलतात, पण पाहण्याच्या दिवशी वसंतरावांना बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते दोनदा विचारलं होतं. मी धीर दिला. म्हणालो, मनावर घेऊ नका दादा, माणसाची सवय असते. दादा माझ्याकडे बराच वेळ बघत राह्यले. मग म्हणाले की तू चहा घे.

१४ जानेवारी, मंगळवार

नामविस्तार दिन. दर वर्षीप्रमाणे विद्यापीठ गेटला जाऊन आलो. गर्दी.

संध्याकाळी क्लास. आकांक्षाने तिळगूळ दिला. ही धावड्याचीच मुलगी, इथं रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. म्हणाली की सर, गोड बोला. मी समजावलं की हे आज्ञार्थी वाक्य आहे, पण विनंतीच्या अर्थाने, म्हणून रिपोर्टिंगला रिक्वेस्टेड घ्यायचं. तिने मान डोलावली. हुशार आहे.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या धावडा. दादांकडे लग्नाच्या जागेबद्दल अधिकृत उत्तर मागितलं. दादा जेवत होते. म्हणाले की धावड्याला कोण जाईन, मंडपात म्हशी शिरतील. सगळे हसले, दादा पण.

मग वहिनी म्हणाल्या की तसं नका सांगू भाऊजी, असं सांगा की आमच्या पाहुण्यांना लांब पडतं, जालन्यात केलं तर बरं, मंग तुम्ही म्हणाल तसं.

अडचण. एकाच मुद्द्यावर दोन निरोप. विचार केला. घरचे कर्ते दादा. दादांचं वाक्य मूळ, वहिनींचं वाक्य म्हणजे त्याचा सैल अनुवाद. मूळच नेणार.

अक्षता जिन्यापर्यंत मागे आली. म्हणाली की काका, म्हशींचं राहू द्या ना. मी म्हणालो, बेटा, वगळणारा मी कोण? ती म्हणाली की बाबा हसून बोलले, आपल्या घरातलं बोलणं होतं ते, मामा असते तर त्यांनी इथंच झटकून टाकलं असतं. मी म्हणालो, म्हणूनच मामा नाहीत आणि मी आहे. तराजूने एकदा दांडी मारली की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. ती परत खाली गेली. पटलं असावं.

१९ जानेवारी, रविवार

निरोप दिला. आवाजासकट दिला, कारण आवाज हा निरोपाचा भाग. नेमक्या मागच्या गोठ्यात वसंतरावांच्या म्हशी बांधलेल्या. मी म्हशी शिरतील म्हणालो आणि एक हंबरली. योगायोग.

वसंतरावांनी कणीस खाली ठेवलं. म्हणाले की त्याला सांगा, आमच्या म्हशी दोन टाइम पोटभर पाणी पितात. जालन्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई, वऱ्हाडानं काय कोरड्या तोंडानं जेवायचं का?

विषयाला धरून उत्तर. तुलना चांगली. तसं म्हणालोही.

प्रेम जीपपर्यंत सोडायला आला. म्हणाला की सर, एवढं पोचवू नका, आबा रागात बोलून गेले, संध्याकाळी त्यांनाच वाईट वाटेल. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. जावई म्हणून पोरगा सज्जन आहे, पण भाषेच्या बाबतीत कच्चा. रागात बोललेलं वाक्य काय वाक्य नसतं?

२० जानेवारी, सोमवार

रिपोर्ट दिला. दादा ताटावरून उठले. भाकरी अर्धी राहिली. आपल्या घरात असं होत नाही.

दीपमाला वर आल्यावर म्हणाली की तुम्हाला निरोप द्यायला पाठवलं होतं, दगड वाहायला न्हाई. मी म्हणालो, दगड दिले तर दगडच पोचतील. ती म्हणाली की मंग रस्त्यात दोन खाली पडू द्यायचे, पिशवी फाटली म्हणायचं.

अशी दृष्टी घेऊन वीस वर्षं एकाच घरात राहणं सोपं नाही. मी राहतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून तिसऱ्यांदा धावडा. वसंतराव वावरात गेलेले, की गेले म्हणून सांगितलं. प्रेमची आई भेटली. चहा दिला. बाई बोलकी आहे. म्हणाली की पोरगी रात्रपाळी करते म्हणं, मंग दिवसा झोपलेलीच दिसायची, मला सुनेचं तोंड कव्हा दिसायचं?

बोलताना हसत होती आणि पदराने कप पुसत होती. पण हसणं वाक्यात नसतं. कप पण नसतो. वाक्य पाठ केलं.

२७ जानेवारी, सोमवार

चूक माझी नाही, हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी दादांकडे रिपोर्ट देत होतो. प्रेमच्या आईचं वाक्य सांगितलं, काना-मात्रा न सोडता. सांगून झाल्यावर लक्षात आलं की अक्षता दारात उभी आहे. रात्रपाळीवरून नुकतीच आली होती. पांढरा युनिफॉर्म, हातात डबा. तिने चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होती.

वहिनी म्हणाल्या की माझ्या लेकीला झोपाळू म्हणतात, रात्र-रात्र लोकांची आजारपणं काढते ती. दादा म्हणाले की त्यांना विचार, सोयरीक नको असल तर तसं तोंडावर सांगा म्हणावं.

मी खात्री करून घेतली की हे पोचवायचं आहे का नुसतं रागात आहे. दादा म्हणाले की जा तू. जा म्हणजे खोलीतून जा का धावड्याला जा, हे स्पष्ट झालं नाही. रविवारी धावड्याला जाणार.

२ फेब्रुवारी, रविवार

बूट सापडत नाहीत. पलंगाखाली नाहीत, गच्चीवर नाहीत. दीपमाला म्हणाली की तिला काय माहीत. चपलेवर गेलो तर निरोपाला वजन राहत नाही. जाणं रद्द. फोनवर सांगता आलं असतं, पण रेंजमध्ये शब्द गळतात.

फेब्रुवारी लागला. वेळ कमी. सगळा भार एकट्यावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा क्लास संस्मरणीय.

धडा डायरेक्ट-इनडायरेक्टचा. पुस्तकातली वाक्यं मेलेली असतात. राम म्हणाला, सीता म्हणाली. विद्यार्थी जांभया देतात. म्हणून जिवंत वाक्यं घेतली. नावं अर्थात गुप्त ठेवली. धावड्याचे व्ही., जालन्याचे एस.

एस. सेड दॅट बफेलोज वुड एंटर द पेंडॉल. व्ही. सेड दॅट देअर बफेलोज ड्रँक वॉटर ट्वाइस अ डे. मग व्ही.च्या मिसेसचं सुनेबद्दलचं वाक्य, ते जरा अवघड, त्यात विधान आणि प्रश्न एकत्र आहे. फळा पूर्ण भरला. अक्षर सुंदर आलं.

वर्ग पहिल्यांदा एवढा जागा. मागच्या बाकावरचा मिथुन पण विचारत होता की सर, मंग पुढं काय झालं. दोघा-तिघांनी फळ्याचा फोटो घेतला. आकांक्षाने पण घेतला. शिकवण्याचं चीज झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

फोटो धावड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला.

आकांक्षाने फक्त बहिणीला पाठवला होता, असं ती फोनवर रडत म्हणाली. बहिणीने फक्त मैत्रिणीला. मग सगळ्या गावाने वाचला. वसंतरावांना कोणीतरी चहाच्या टपरीवर मराठी करून सांगितला. टपरीवरचा अनुवाद, म्हणजे काय दर्जा असेल.

वसंतरावांनी थेट दादांना फोन केला. मला इकडची बाजू तेवढी ऐकू आली. दादा म्हणाले हं. हं. न्हाई. मंग बरोबरे. बरं. आणि फोन पालथा ठेवला.

मी म्हणालो, पूर्ण वाक्य काय होतं? दादा म्हणाले की तुटलं.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज नाही, काही नाही. अक्षताची ड्यूटी आज नव्हती, तरी युनिफॉर्म घालून गेली. दुसऱ्या कोणाची पाळी घेतली म्हणे.

नोंद: फळ्यावरचं एकही रूपांतर चुकलेलं नव्हतं. काळ, सर्वनाम, सगळं बराबर. पुन्हा तपासलं.

९ फेब्रुवारी, रविवार

बूट सापडले. गव्हाच्या कोठीत होते. आता जायला कुठं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

खालचं दार लावलेलं असतं. एरवी त्याला कडी नसते. वहिनी रोज काहीतरी वाटीत घालून वर पाठवतात, कालपासून वाटी नाही. क्लासच्या मुलांना सुट्टी दिली, घसा बसला म्हणून.

संध्याकाळी गेलो. म्हटलं आपली बाजू नीट मांडावी. अक्षताने दार उघडलं. घरात बाकी कोणी नव्हतं. मी तिला सांगितलं की मी एक शब्दही बदलला नाही, तिकडचं इकडं आणि इकडचं तिकडं, जसंच्या तसं. शपथेवर सांगू शकतो.

ती म्हणाली की मला माहितीये काका. मग म्हणाली की तुम्ही एक शब्द जरी बदलला असता ना, तर माझं लग्न झालं असतं.

ओरडली नाही. रडली पण नाही. औषधाची वेळ सांगतात तशी म्हणाली.

इंग्रजी ग्रामरमध्ये हे तिसऱ्या प्रकारचं अटवाक्य, थर्ड कंडिशनल. इनडायरेक्ट करताना त्याच्या काळात बदल होत नाही. जसंच्या तसं राहतं.



१३ फेब्रुवारी, गुरुवार

दीपमाला आणि अक्षता अंबडला जाऊन आल्या, मामांचा पाय बघायला. मी येतो म्हणालो तर दीपमाला म्हणाली की पाय बघायलाच चाललोय, पाय मोडायला न्हाई. दिवसभर घरी. माठ घासला. झेंडूच्या कुंड्यांना पाणी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आश्चर्य. वातावरण निवळलं. दुपारी दादांना धावड्याहून फोन आला आणि दादा हसले, मी जिन्यातून ऐकलं. वहिनींनी वांग्याची भाजी पाठवली, मोठ्या वाटीत. दादांनी स्वतः खालून हाक मारली की राजा, जेवलास का, इतक्या जोरात की समोरचा टेलर बाहेर आला.

संध्याकाळी वसंतरावांचा मला फोन. ओरडूनच बोलत होते, आनंदात असणार. म्हणाले की तब्येतीला जपा, वय झालं की होतं असं. मी विचारलं, कसं? ते अजून मोठ्यानं म्हणाले की जपा.

माझा अर्थ: दोन्ही घरांना उशिरा का होईना, माझ्या कामाची किंमत कळली. सत्य आधी टोचतं, मग पचतं. येत्या रविवारी साखरपुडा. इथंच, मस्तगडात. माझी पद्धत यशस्वी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

क्लासची मुलं पुढच्या बाकांवर सरकून बसली. मिथुनने शंका विचारताना वहीत लिहून वही माझ्यापुढे धरली. शिस्त वाढतेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.

काही शिस्त वगैरे नाही.

दीपमालाने पीठ मळता मळता सांगितलं. मामांनी पलंगावरून दोन्हीकडं फोन लावले. दोन्हीकडं एकच सांगितलं, की राजानंदचे कान गेलेत. दिवाळीत फटाक्याची लड कानाशी फुटली तव्हापासून. एक ऐकतो, दोन पदरचे घालतो, आणि ग्रामर लावून पोचवतो. म्हशी त्याच्याच, नळ त्याचाच. आणि सुनेबद्दल तर प्रेमची आई म्हणाली होती की पोरीला रात्रीची झोप मिळत न्हाई, आल्यावर निजू देईन. दादांबद्दल तिकडं सांगितलं की ते म्हणाले, वसंतरावांसारखा व्याही दिवा घेऊन सापडायचा न्हाई. असं कोणी, कधीही, कुठंही म्हणालेलं नाही. मी सगळीकडे हजर होतो.

आणि साक्ष कोणाची? अक्षताची. नर्स आहे, तिच्या शब्दाला कोण नाही म्हणेल. तिने सांगितलं की दोन्ही कानांची नस सुकत चाललीये.

वसंतराव म्हणाले म्हणे की तरीच. दादा पण म्हणाले की तरीच. आता दोन्ही घरं मला दया दाखवून राह्यली.

मी म्हणालो, ही सरळ बदनामी आहे. ज्याचं सगळं आयुष्य ऐकण्यावर उभं आहे त्याचे कान काढून घेता? मला समोरच्या टेलरच्या मशीनची सुई मोडलेली ऐकू येते. रविवारी सगळ्यांसमोर खुलासा करणार. कोण, कधी, कुठं बसून, काय म्हणालं, सगळं तारखेनिशी.

दीपमालाचा हात पिठात थांबला. परत मळायला लागली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खुलाशाची तयारी. पाठ झालं. आरशासमोर दोनदा म्हटलं. आवाज खणखणीत. सत्याची बाजू आहे.

खाली मांडव घालून राह्यले. वहिनी गात आहेत. चांगला गळा आहे वहिनींचा, हे विसरलो होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

क्रमाने लिहितो.

धावड्याहून दोन जीपा आल्या. सोमेश्वरमामांना खुर्चीसकट उचलून आणलं, पाय स्टुलावर. वंदना झाली. मी पहिल्या रांगेत, कोट घालून, बूट घालून. मनात वाक्यं रांगेत उभी. उजव्या हाताला अक्षता बसलेली, मोतिया रंगाची साडी, प्रेम शेजारी. तिच्या डोळ्यांखाली पावडर लावली होती, तरी जागरण दिसत होतं.

अंगठ्या घालायच्या आधी वसंतराव उठले. म्हणाले की शुभकामाच्या आधी मनात काही ठेवायचं नसतं, एकदा समोरासमोर होऊ द्या. आणि माझ्याकडे वळून, मोठ्यानं, तोडून तोडून विचारलं, की राजानंदभाऊ, मी म्हशी-पाण्याचं तुमच्यापाशी बोल्लो होतो का? माझी बायको ह्या लेकराला झोपाळू म्हणली होती का?

दादा जमिनीकडे बघत होते. मामांनी डोळे मिटून घेतले. प्रेमची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला आठवत होतं ती काय म्हणाली ते. मला दिसलं.

मी उभा राहिलो. सगळं तोंडात आलेलं होतं. एकोणीस जानेवारी, रविवार, गोठ्यासमोर. वसंतरावांच्या निरोपाचा पहिला शब्द जिभेवर होता: त्याला.

अक्षता माझ्याकडे बघत होती. तिने हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. फक्त बघत होती. लहानपणी पाढे म्हणताना बघायची, आता काका चूक काढणार म्हणून, तसं.

माझा उजवा हात वर गेला. कानामागे गेला. मी म्हणालो, काय म्हणालात, जरा मोठ्यानं बोला.

मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच. वसंतराव पण. दादांनी येऊन मला खांदा धरून खाली बसवलं आणि हात तिथंच ठेवला, बराच वेळ. म्हणाले की म्हशींना पण पत्रिका द्या व्याही, नव्या झुली मी आणतो. वसंतराव म्हणाले की मंग टँकर आमच्याकडून. लग्न धावड्याच्या विहारात ठरलं, अक्षताची नोकरी चालू. दोन्ही मुद्दे एका मिनिटात. जिथं मी तीन रविवार गेल्तो.

नोंद: मी खोटं बोललो नाही. मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्नार्थक वाक्य खरं नसतं, खोटंही नसतं. कोणीही तपासून बघावं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सबंध मस्तगड माझ्याशी ओरडून बोलतं. चहावाला खुणेने विचारतो, साखर का बिनसाखर.

दीपमाला आता माझ्यासमोरच शेजारणीशी माझ्याबद्दल बोलते. म्हणाली की ह्यांना काल कोटात बघून लग्नातले दिवस आठवले. मी पेपर वाचत राहिलो. उत्तर देता येत नाही.

३ मार्च, सोमवार

दोन्ही घरांनी मिळून मला भेट दिली. ऐकण्याचं मशीन. व्याही झाल्यावर एकत्र केलेली पहिली खरेदी, असं वसंतराव माझ्या कानात ओरडून म्हणाले. दादांनी स्वतःच्या हाताने बसवलं. नाही म्हणता आलं नाही. क्लासमध्ये घालून शिकवलं. शिट्टी वाजते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मशीनमधून फार लागतात.

संकल्प: लग्नापर्यंत घालणार. मग हळूहळू बरा होणार. ग्रामरमध्ये दुरुस्तीला जागा असते.

संध्याकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. अक्षता खालच्या अंगणात प्रेमशी फोनवर बोलत होती, मला पाठमोरी. माझ्याबद्दल काहीतरी म्हणाली. पूर्ण वाक्य होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक शब्दही सुटला नाही. मशीन तेव्हा खिशात होतं आणि सेल काढलेला होता.

काय म्हणाली ते लिहीत नाही.